खुर्ची गेली, हिशेब राहिला!

परवा आमच्या कॉलनीतली भिशी होती. चिठ्ठी काढून झाली, जिच्या नावाची निघाली तिची थट्टाही करून झाली, आणि मग बश्यांतले पोहे संपेपर्यंत गप्पा रंगल्या. विषय नेहमीचेच. कुणाच्या सुनेचे बाळंतपण, कुणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन, तूरडाळीचा भाव. एवढ्यात घरच्या वहिनींच्या नणंदेने टीपॉयवरचे वर्तमानपत्र उचलले आणि मथळा मोठ्याने वाचला. कुठल्याशा माजी मंत्र्याची आणि त्याच्याच खात्यातल्या निवृत्त अधिकाऱ्याची चौकशी व्हावी, अशी मागणी झाल्याची ती बातमी होती.

झाले! डाळीचा भाव राहिला बाजूला.

"जाऊ द्या हो," एकजण म्हणाली. "गेला बिचारा खुर्चीवरून. आता कशाला मढं उकरायचं?"

"बिचारा कसला?" दुसरी उसळली. "घरातली कामवाली दहा रुपयांचा साबण घेऊन गेली तर आपण महिनाभर बोलतो. आणि यांना मात्र बिचारा म्हणायचं?"

तिसरी जरा विचारी. तिचे यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ती म्हणाली, "अहो, हे सगळं राजकारण असतं. आज हे आले की त्यांची चौकशी, उद्या ते आले की यांची. मधल्या मध्ये फायली पुढे सरकत नाहीत आणि कुणी सही करायला धजत नाही."

तिघींचेही थोडे थोडे पटत होते. माझी तर पंचाईतच झाली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या काकू बोलल्या. पंच्याऐंशी ओलांडलेल्या, एरवी भिशीत फक्त हसून मान डोलावणाऱ्या काकू. त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना नव्हतं गं कुणी सोडलं."

खोलीत एकदम शांतता पसरली.

एका मस्टरची गोष्ट

काकूंचे यजमान एका तालुक्याच्या ठिकाणी सरकारी कचेरीत कारकून होते. 1984 सालची गोष्ट. रोजगार हमीच्या कामांची मस्टरे त्यांच्या टेबलावरून जायची. म्हणजे कोण मजूर किती दिवस खडी फोडायला आला, त्याला किती पैसे दिले, त्याची हजेरी. एका कामाच्या मस्टरात काही नावे अशी होती, की त्या नावाची माणसे गावात नव्हतीच. काकांच्या ते लक्षात आले. ते मस्टर घेऊन साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "वरून फोन आहे. सही करा आणि पाठवा." काकांनी सही केली.

1987 मध्ये काका निवृत्त झाले. हारतुरे झाले, नारळ मिळाला. मुलीचे लग्न ठरलेले होते आणि सगळी भिस्त ग्रॅच्युइटीवर होती. पुढच्याच वर्षी घरी रजिस्टर पत्र आले. त्या मस्टरची खातेनिहाय चौकशी सुरू झाली होती. चौकशी संपेपर्यंत ग्रॅच्युइटी अडकली आणि पेन्शन मिळू लागली तीही तात्पुरती.

"लग्न पुढे ढकललं," काकू सांगत होत्या. "मुलाकडचे चांगले होते म्हणून थांबले. हे मात्र घराबाहेर पडेनात. भाजी आणायलासुद्धा जायचे नाहीत. मी म्हणायची, तुम्ही काही खाल्लं नाही ना, मग तोंड कशाला लपवता? तर म्हणायचे, सही माझीच आहे ना."

तीन वर्षे तारखा चालल्या. 1991 मध्ये काका दोषमुक्त झाले. पैसे मिळाले, मुलीचे लग्नही झाले. पण काका पूर्वीचे काका राहिले नाहीत.

"आणि ते साहेब?" मी विचारले.

"त्यांची बढती झाली, बदली झाली, आणि तेही रिटायर झाले. ह्यांनी जबाबात सगळं लिहून दिलं होतं. पण साहेबांचं नाव चौकशीत येईपर्यंत ते घरी बसलेले होते आणि गोष्टीला चार वर्षं उलटून गेली होती. आता नियमात बसत नाही म्हणाले."

मैत्रिणींनो, हा नियम खरोखरच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम 1982 चे. त्यातल्या 27 व्या नियमाप्रमाणे, निवृत्त झालेल्या माणसावर नव्याने खातेनिहाय चौकशी सुरू करायची असेल तर सरकारची मंजुरी लागते, आणि घडलेली गोष्ट चार वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. नियम वाईट नाही. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर जन्मभर टांगती तलवार असू नये, हाच त्यामागचा हेतू. पण काकूंच्या घरी काय झाले पाहा. कागद आधी खालच्या टेबलावर पोचला, वरच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर मुदत संपली. नियम एकच, त्यात एकजण भरडला गेला आणि दुसरा सुटला.

घरी येऊन मी कुकर लावला, पण काकूंचे शब्द डोक्यातून जाईनात. माजी माणसांची चौकशी करावी की नाही, हा प्रश्न आपण नेहमी मोठ्यांच्या संदर्भात विचारतो. लहानांच्या बाबतीत तो कुणी विचारतच नाही. त्यांची चौकशी होतेच!

पटियाला हाऊसमधली सुनावणी

या देशात हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणात विचारला गेला तो 1977 मध्ये. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना आठवत असेल. ज्या तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. माझे लग्न होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. रेडिओ लावला की सगळे कसे छान चालले आहे, एवढेच ऐकू यायचे. आगगाड्या वेळेवर धावतात, म्हणून कौतुकही व्हायचे. पण त्याच वेळी एक लाखाहून अधिक माणसे खटल्याशिवाय तुरुंगात होती. त्यांत आपल्या बायकाही होत्या. महागाईविरुद्ध लाटणे घेऊन मोर्चा काढणाऱ्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या साऱ्या गजाआड गेल्या. 1975 च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून स्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई भागवतांनाही पुढच्या वर्षी अटक झाली. बंगळूरच्या तुरुंगात दम्याने जर्जर झालेली अभिनेत्री स्नेहलता रेड्डी सुटून आली आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी 1977 मध्ये, गेली.

आणि नसबंदी! 1975-76 मध्ये देशात सुमारे 26 लाख शस्त्रक्रिया झाल्या होत्या. 1976-77 या एका वर्षात हा आकडा सुमारे 81 लाखांवर गेला. उत्तरेतल्या काही भागांत तर शिक्षकांना ठरावीक 'केसेस' आणल्याशिवाय पगार मिळत नव्हता. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकसुद्धा 1976 मध्ये मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरले नाही, एवढेच आपले नशीब.

मार्च 1977 च्या निवडणुकीत सगळे उलटले. स्वतः इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. गोरेगावात पाण्यासाठी लढून 'पाणीवाली बाई' झालेल्या मृणालताई मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा घरोघरी पोचली.

नव्या सरकारने 28 मे 1977 रोजी माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला. दिल्लीच्या पटियाला हाऊसमध्ये उघड सुनावण्या झाल्या. हजारो तक्रारी आल्या. मोठमोठे अधिकारी साक्षीला उभे राहिले आणि एकामागून एक तेच सांगू लागले. वरून सांगितले होते. फोन आला होता. तोंडी हुकूम होता. दिल्लीतल्या वर्तमानपत्रांची वीज तोडली गेली, ती तोंडी हुकमाने. माणसांना स्थानबद्ध केले, तेही कारणे नंतर जुळवून. आणीबाणीच्या निर्णयाची माहिती मंत्रिमंडळाला मिळाली, ती राष्ट्रपतींची सही झाल्यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी!

मला इथे काकूंचे यजमान आठवले. तेही असेच म्हणाले होते, "वरून फोन आहे." फरक एवढाच, की त्यांचे म्हणणे ऐकायला पटियाला हाऊस नव्हते.

मग पुढे काय झाले?

पुढची हकीकत ऐकायला गोड नाही.

आयोगाने 1978 च्या मार्च, एप्रिल आणि ऑगस्ट महिन्यांत तीन अहवाल दिले. पण चौकशी आयोग म्हणजे कोर्ट नव्हे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? 1952 च्या कायद्याप्रमाणे आयोग सत्य शोधतो, शिफारस करतो. शिक्षा करू शकत नाही. आयोगापुढे माणूस जे सांगतो, ते खोट्या साक्षीचा खटला सोडला तर त्याच्याविरुद्ध कोर्टात वापरताही येत नाही. म्हणजे शिक्षेसाठी पुन्हा पहिल्यापासून पोलीस, पुरावा, खटला.

आणि हे सगळे नीट क्रमाने करायला कुणाला धीर नव्हता. 3 ऑक्टोबर 1977 रोजी इंदिराबाईंना घाईघाईने अटक झाली. दुसऱ्याच दिवशी, अटकेला पुरेसे कारण नाही म्हणून मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडून दिले. जानेवारी 1978 मध्ये आयोगापुढे बोलावल्यावर त्यांनी शपथ घेऊन साक्ष द्यायला नकार दिला. डिसेंबर 1978 मध्ये लोकसभेने हक्कभंगासाठी त्यांना आठवडाभर तुरुंगात पाठवले. विशेष न्यायालयांचा कायदा आला तो 1979 मध्ये. तोवर लोकांना वाटू लागले होते की हे चौकशी कमी आणि छळ जास्त करताहेत. जानेवारी 1980 मध्ये त्याच बाई पुन्हा पंतप्रधान झाल्या आणि खटले एकामागून एक बारगळले.

'किस्सा कुर्सी का' या सिनेमाच्या प्रती नष्ट केल्याच्या खटल्यात संजय गांधी आणि माजी मंत्री विद्याचरण शुक्ल यांना फेब्रुवारी 1979 मध्ये खालच्या कोर्टात शिक्षा झाली होती. एप्रिल 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. न्यायालयाने सोडले म्हणजे सोडले. त्यावर आपण काही बोलायचे नाही.

शहा आयोगाने दिल्लीतल्या एका अधिकाऱ्याबद्दल स्पष्ट लिहिले होते, की न्यायबुद्धी लागणाऱ्या सार्वजनिक पदाला हा माणूस योग्य नाही. तेच गृहस्थ 2009 मध्ये देशाचे मुख्य निवडणूक आयुक्त झाले! अहवालाच्या छापील प्रतीही हळूहळू मिळेनाशा झाल्या. अखेर माजी खासदार एरा सेझियन यांनी 2010 मध्ये तो अहवाल पुन्हा छापून घेतला, म्हणून आज तो वाचायला तरी मिळतो.

मग ती सारी मेहनत फुकट गेली का? मला तसे वाटत नाही. त्या अहवालामुळे निदान काय झाले होते ते कागदावर राहिले. ज्या घरांत माणूस उचलून नेला, त्या घरातल्या बाईला 'तुम्ही खोटं बोलता' असे आता कुणी म्हणू शकत नाही. पण हिशेब नुसता लिहून ठेवला आणि येणी वसूलच केली नाहीत, तर ती वही काय कामाची, हेही खरेच.

सिमेंटच्या गोणीसाठी

दुसरी गोष्ट आपल्या घरातली, महाराष्ट्रातली. सिमेंट मिळत नव्हते ते दिवस आठवतात? मोरीची फरशी बसवायची तरी चार गोण्यांसाठी अर्ज करा, परमिट आणा, खेपा घाला. त्याच दिवसांत, 1980 मध्ये, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. निराधार बायकांना दरमहा मदत देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळात सुरू झाली, हेही इथे सांगायलाच हवे. पण त्यांनी काही प्रतिष्ठाने काढली होती. बिल्डरांनी तिथे देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळायचा, असा आरोप 1981 मध्ये वर्तमानपत्रांतून झाला. जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध होता, असा निष्कर्ष काढला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला.

आता ते 'माजी' झाले. भाजपचे नेते रामदास नायक यांनी त्यांच्यावर फौजदारी तक्रार केली होती. प्रश्न उभा राहिला तो असा, की सरकारी पदावरच्या माणसावर लाचलुचपतीचा खटला भरायला आधी वरिष्ठांची परवानगी लागते; मग ज्याने ते पद सोडले आहे त्याच्यासाठीही ती लागते का?

फेब्रुवारी 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले, की नाही लागत. त्यामागचा विचार आपल्याला सहज समजेल असा आहे. परवानगीचे कवच कशासाठी असते? काम करणाऱ्या माणसाला कुणीही ऊठसूट कोर्टात खेचू नये म्हणून. जे पद वापरून गैरव्यवहार केल्याचा आरोप आहे, ते पदच सुटले, तर कवच कसले? कवच खुर्चीला असते, माणसाला नव्हे!

पण तोही खटला रेंगाळला. एप्रिल 1988 मध्ये सात न्यायमूर्तींनी सांगितले, की खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे पाठवला होता तीच चूक होती. डिसेंबर 1991 मध्ये त्याच प्रकरणात न्यायालय म्हणाले, की लवकर सुनावणी होणे हा आरोपीचाही हक्क आहे. तोवर राजीनाम्याला जवळजवळ दहा वर्षे होत आली होती. अंतुल्यांना शेवटपर्यंत शिक्षा झाली नाही, त्यामुळे त्यांना गुन्हेगार म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. पण आरोप खरा की खोटा, याचे उत्तर लवकर मिळाले नाही. त्यात नुकसान लोकांचे झाले आणि त्यांचेही.

1984 चा तो नियमही आता राहिलेला नाही. 2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला आणि निवृत्त किंवा माजी लोकसेवकासाठीही खटल्यापूर्वी परवानगी आवश्यक झाली. ती द्यायची की नाही हे तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात ठरवावे, असे कायदा सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर, कर्तव्य बजावताना झालेल्या इतर गुन्ह्यांबाबत सरकारने 120 दिवसांत निर्णय घेतला नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे, अशी तरतूद आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आणखी एक गोष्ट. बलात्कार, विनयभंग, लैंगिक छळ अशा गुन्ह्यांचा आरोप असेल, तर सरकारी माणसावर खटला भरायला या परवानगीची गरज नाही. 2013 मध्ये कायद्यात हे स्पष्ट लिहिले गेले.

सूड की चौकशी?

भिशीतल्या तिसऱ्या बाईंचा मुद्दा मी विसरलेले नाही. हे सगळे राजकारण असते, असे त्या म्हणाल्या. असते ना! 1977 नंतरची घाई राजकारणाचीच होती. आजही एखादा माणूस विरोधात असला की चौकशी जोरात आणि सत्तेकडे गेला की फाइल कपाटात, अशी शंका लोकांना येते, ती काही उगीच नाही. शिवाय प्रत्येक सहीची दहा वर्षांनी झडती होणार असेल, तर प्रामाणिक अधिकारीही धाडसी निर्णय घेणार नाही. चुकलेला निर्णय आणि खाल्लेला पैसा यांत फरक करायलाच हवा. भाजी आणताना फसलेली सून आणि भाजीच्या पैशांत हात मारणारी सून, दोघींना आपण एकच शिक्षा देतो का?

पण यावर उपाय म्हणजे चौकशीच नको, असे म्हणणे नव्हे. अमेरिकेत 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला आणि महिन्याभरात नव्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी देऊन टाकली. देशाच्या जखमा भरून याव्यात म्हणून, असे कारण दिले. त्यांच्या हाताखालची माणसे मात्र तुरुंगात गेली. पुन्हा तीच गोष्ट! साहेब घरी, आणि सही करणारे आत.

घरातच बघा ना. सासूबाईंनी तिजोरीच्या किल्ल्या सुनेकडे दिल्या आणि पाटल्यांचा जोड सापडेना, तर काय करतो आपण? शहाण्या घरात आरडाओरडा होत नाही आणि 'जाऊ दे' म्हणूनही सोडून देत नाहीत. सगळ्यांसमोर, शांतपणे विचारतात. "कुठे ठेवल्या होत्या? शेवटच्या कधी घातल्या?" त्यांना आठवून सांगायला वेळ देतात. कदाचित त्या सोनाराकडे दिलेल्या असतात आणि सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो. विचारलेच नाही, तर मात्र संशय घरात कायमचा राहायला येतो. मग तो सासूबाईंवर राहतो, सुनेवर राहतो, आणि हमखास कामवालीवर जातो!

म्हणून माझे उत्तर असे. चौकशी व्हावी. खुर्ची गेली म्हणून टळू नये आणि खुर्ची गेली म्हणूनच होऊही नये. ती लवकर व्हावी, पुरावा ताजा असताना. नव्या सत्तेच्या हातातली नसावी. ज्याची चौकशी त्याला पुरते बोलू द्यावे. आणि ज्याने सही केली त्याच्याबरोबरच, ज्याने सही करायला लावली त्यालाही त्याच दिवशी, त्याच टेबलासमोर बसवावे.

आपल्या हातात काय आहे?

'आम्ही बायका काय करणार?' असे म्हणू नका. चार गोष्टी तर नक्कीच करता येतील.

1. घरातले कुणी सरकारी नोकरीत असेल, तर तोंडी हुकूम लेखी घ्यायची सवय त्याला किंवा तिला लावा. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे, की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर काम करू नये, तो कागदावर नोंदवावा. साहेब लिहून देत नसतील, तर 'आपल्या आजच्या सूचनेनुसार' अशी टिप्पणी तारखेसह फायलीवर लिहावी. काकांच्या फायलीवर अशी एक ओळ असती, तर तीन वर्षे वाचली असती.

2. निवृत्तीनंतर नोकरीचे कागद रद्दीत घालू नका. नेमणुकीची, बदलीची पत्रे, कार्यभार सोपवल्याची पावती, ना-देय प्रमाणपत्र हे सगळे एका पिशवीत, विम्याच्या कागदांशेजारी ठेवा. ते कुठे आहेत हे बायकोलाही ठाऊक हवे.

3. एखाद्या कामाबद्दल शंका असेल, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. दहा रुपयांचे शुल्क लागते आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. अधिकारी बदलला किंवा निवृत्त झाला तरी फाइल कचेरीतच असते. मात्र सगळे कागद कायम ठेवत नाहीत, मुदतीनंतर काही नष्ट करतात. तेव्हा अर्ज वेळेवर करा.

4. कुणी लाच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा फोन नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपल्या महाराष्ट्रात लोकायुक्तही आहेत. त्यांच्याकडे सामान्य माणसाला तक्रार करता येते.

हे सगळे लिहून झाल्यावर मी काकूंकडे गेले. म्हटले, त्यांची गोष्ट छापायची तर त्यांना विचारायला हवे. काकूंनी कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत काकांच्या दोषमुक्तीचा आदेश होता. घड्यांवर विरलेला, मागून चिकटपट्टी लावलेला.

"काकू, खरं सांगा," मी म्हटले, "त्या साहेबांना शिक्षा व्हायला हवी होती, असं वाटतं का हो?"

काकूंनी कागद पुन्हा घडी घालून आत ठेवला.

"शिक्षेचं नाही गं मला काही," त्या म्हणाल्या. "पण ह्यांना विचारलं ना, तसं त्यांनाही कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं. तेवढं झालं असतं, तर हे भाजी आणायला गेले असते."